'आधीचं सगळं कमकुवत होतं': जॉन फिस्कचं पुस्तक आणि माझ्या थीसिसचं दुसरं पान

मागच्या महिन्यात मॅडमनी माझ्या थीसिसचं पहिलं प्रकरण परत दिलं. दुसऱ्या पानावर एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात चारच शब्द: 'हे तू स्वतः तपासलंस?'

वाक्य अगदी साधं होतं. सांडपाण्यातला रंग काढायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरतात, पण तो महाग पडतो, पुन्हा वापरण्याजोगा करणं अवघड जातं, म्हणून नवे शोषक पदार्थ हवेत. आमच्या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक पेपरची सुरुवात अशीच असते. मीही तशीच केली होती आणि खाली चार संदर्भ टाकले होते. मॅडमच्या प्रश्नानंतर ते चारही पेपर उघडून नीट वाचले. तिघांनी चौथ्याचा हवाला दिलेला. आणि चौथा पेपर ज्यांनी लिहिला होता, त्यांनी त्याच पेपरात स्वतः बनवलेला नवा पदार्थ मांडला होता. किमतीचा आकडा चारांपैकी एकातही नाही!

योगायोग असा की कोर्सवर्कसाठी आम्हाला आपल्या विषयाबाहेरच्या एका ग्रंथाचं समीक्षण करायचं होतं, आणि हॉस्टेलमधल्या इतिहासवाल्या मैत्रिणीने मला जॉन फिस्क यांचं १८८८ सालचं 'द क्रिटिकल पीरियड ऑफ अमेरिकन हिस्टरी' हे पुस्तक दिलं होतं. ते वाचताना मला सारखं वाटत राहिलं की हे मी आधी कुठेतरी वाचलंय. मग लक्षात आलं. हे तर माझं दुसरं पानच आहे, फक्त साडेतीनशे पानांचं.

आधी विषय थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना अमेरिकेचा इतिहास १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरून थेट वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष होतात तिथे उडी मारतो. मधली तेरा वर्षं गायब. त्या काळात तेरा राज्यांचा एक सैलसर महासंघ होता. त्याची घटना म्हणजे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. १७७७ च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसने ती मंजूर केली, पण पश्चिमेकडच्या जमिनींवरून वाद चालला होता, आणि मेरीलँडची शेवटची सही होऊन ती लागू व्हायला १ मार्च १७८१ उजाडला. राज्य लहान असो वा मोठं, एकच मत. महत्त्वाच्या निर्णयाला तेरापैकी नऊ राज्यं हवीत. घटनेत बदल करायचा तर तेराच्या तेरा. राष्ट्राध्यक्ष नाही, मंत्रिमंडळ नाही, आणि मुख्य म्हणजे कर बसवायचा अधिकार नाही. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि राज्यांनी ते द्यायचे. म्हणजे कर नव्हे, वर्गणी. गणपती मंडळात ज्यांनी पावतीपुस्तक घेऊन जिने चढलेत, त्यांना कर आणि वर्गणी यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

वर्गणीचं काय झालं ते आकड्यात बघा. १७८१ च्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने ८० लाख डॉलर मागितले. १७८४ च्या जानेवारीपर्यंत आले सुमारे १५ लाख. १७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीलाच वेढा दिला. पेनसिल्व्हेनिया राज्याने आपली मिलिशिया बोलवायला नकार दिला, आणि काँग्रेस शहर सोडून प्रिन्स्टनला गेली. तिथून पुढे अ‍ॅनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क. बिऱ्हाड पाठीवर. इंग्लंडबरोबरच्या तहाला ठराविक मुदतीत मंजुरी द्यायची होती, तर त्यासाठी नऊ राज्यांचे प्रतिनिधी एका जागी गोळा होईनात. कसेबसे जमले आणि १४ जानेवारी १७८४ ला मंजुरी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये सगळं सैन्य मोडीत काढलं तेव्हा उरले ८० जण, २५ फोर्ट पिटवर आणि ५५ वेस्ट पॉइंटवर. इंग्रज डेट्रॉइट, नायगारा इथले किल्ले तहात ठरूनही सोडेनात, स्पेनने मिसिसिपी नदी अमेरिकन व्यापाराला बंद केली, अल्जीयर्सच्या चाच्यांनी जहाजं पकडली. काँग्रेस पत्रं लिहीत राहिली.

फिस्क ही कहाणी फार छान सांगतात, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाहीये. पुस्तकाचा जन्म बोस्टनमधल्या व्याख्यानांतून झाला, आणि वाचताना समोर श्रोते बसलेत हे जाणवतं. गंमत म्हणजे हा माणूस मूळचा इतिहासवाला नाही. डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचे विचार अमेरिकेत लोकप्रिय करणारा लेखक म्हणून त्याचं नाव आधी झालं. त्यामुळे राष्ट्र म्हणजे एक वाढणारा जीव, आणि १७८३ ते १७८९ म्हणजे त्याचं जीवघेणं दुखणं, ही मांडणी त्याला सहज सुचली असणार. त्याचं सगळ्यात गाजलेलं दृश्य न्यूयॉर्कचं आहे. कनेक्टिकटहून येणारं जळाऊ लाकूड, न्यू जर्सीहून होड्यांतून येणारं लोणी, कोंबड्या, भाजीपाला, यांवर न्यूयॉर्कने जकात बसवली. उलट न्यू जर्सीने आपल्या हद्दीत सँडी हुकला उभ्या असलेल्या न्यूयॉर्कच्या दीपगृहावर कर लावला. वाचून हसू येतं आणि पटतंही. वाटतं, अरे, हे तर लवकरच एकमेकांवर तोफा रोखणार!

आणि इथेच माझी पहिली तक्रार. एका दीपगृहावरून 'राज्याराज्यांत व्यापारयुद्ध पेटलं होतं' इथवर उडी मारायची असेल, तर मधे तेरा राज्यांचे जकातीचे कायदे वाचायला लागतात. नंतरच्या अभ्यासकांनी ते वाचले, तेव्हा दिसलं की बहुतेक राज्यांनी इतर अमेरिकन राज्यांत तयार झालेल्या मालाला जकातीतून सूट दिली होती. दीपगृह खरं, पण ते अपवादाच्या बाजूला. आमच्या भाषेत सांगायचं तर फिस्कने आलेखावरचा सगळ्यात उंच बिंदू उचलला आणि त्यालाच सरासरी म्हटलं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, ती पुराव्याच्या स्रोताबद्दल. महासंघ किती दुबळा होता हे फिस्कला कोणी सांगितलं? हॅमिल्टनने, मॅडिसनने, वॉशिंग्टनच्या पत्रांनी. म्हणजे ज्यांना ती घटना बदलायची होती त्यांनी. 'फेडरलिस्ट' लेखमालेतले ८५ लेख न्यूयॉर्कच्या मतदारांना नव्या घटनेच्या बाजूने वळवण्यासाठी लिहिले गेले. त्यातल्या पंधराव्या लेखात हॅमिल्टन देशाच्या नाचक्कीची जी यादी देतो, ती फिस्कच्या प्रकरणांशी जवळपास मुद्द्याला मुद्दा जुळते. हॅमिल्टन खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. किल्ले खरंच इंग्रजांकडे होते. पण प्रचारासाठी केलेली यादी हा मोजमापाचा आराखडा धरला, तर त्या यादीत जे नाही ते तुम्ही मोजतच नाही. 'कसोटीचा काळ' हा शब्दप्रयोगसुद्धा त्या काळातला आहे. १७८७ मध्ये हार्वर्डच्या पदवीदान समारंभात जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स या तरुणाने आपल्या भाषणात तो वापरला होता. म्हणजे पुस्तकाच्या नावातच निदान करून टाकलेलं.

मॅडिसनबद्दल एक पोटमुद्दा, तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा. १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेत काय बोललं गेलं याचा मुख्य आधार म्हणजे मॅडिसनच्या नोंदी. त्या छापल्या गेल्या १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. मेरी सारा बिल्डर यांनी 'मॅडिसन्स हँड' (२०१५) या पुस्तकात कागद आणि हस्ताक्षर यांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की या नोंदींत तो पुढे अनेक वर्षं दुरुस्त्या करत होता. आमच्याकडे लॅब नोटबुकमध्ये खाडाखोड केली तर एक रेघ मारून तारीख आणि सही घालावी लागते, पान फाडायचं नाही. फर्स्ट इयरला आम्ही या नियमाला किती नावं ठेवायचो! मॅडिसनचं नोटबुक जर कुणी तपासायला घेतलं असतं तर सही मिळाली नसती.

फिस्कच्या विरुद्ध टोकाला उभा आहे मेरिल जेन्सन, १९५० सालचं त्याचं 'द न्यू नेशन'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धानंतर मंदी आली, पण देश सावरत होता, राज्यं आपापली कर्जं फेडत होती, व्यापाराला नव्या बाजारपेठा मिळत होत्या, आणि 'अराजक' हा शब्द ज्यांना बळकट केंद्र हवं होतं त्यांचा होता. त्याच्याही आधी १९१३ मध्ये चार्ल्स बिअर्डने आणखी पुढे जाऊन म्हटलं होतं की नव्या घटनेमागे सरकारी कर्जरोखे बाळगणाऱ्यांचे हितसंबंध होते. बिअर्डचा दावा फॉरेस्ट मॅकडोनाल्डने १९५८ मध्ये परिषदेच्या एकेका सदस्याची मालमत्ता तपासून बराच मोडून काढला. जेन्सन मात्र अजून टिकून आहे.

मला जेन्सन फिस्कपेक्षा जास्त पटतो, हे उघड सांगते. तो कायदे वाचतो, हिशेब बघतो, आणि पंधरा पानं सलग कंटाळवाणं लिहायला घाबरत नाही. पण त्याचीही एक खोड आहे. फिस्कचं जे काळं ते जेन्सनचं पांढरं. परराष्ट्र व्यवहार आला की तो भराभर पुढे सरकतो, कारण तिथे त्याच्या बाजूला फारसं काही नाही. देश सावरत होता हे दाखवल्याने ८० जणांचं सैन्य मोठं होत नाही.

'देश सावरत होता की बुडत होता' हा प्रश्न तरी आकड्यांनी सुटेल असं मला, विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून, वाटलं होतं. पीटर लिंडर्ट आणि जेफ्री विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या काळातल्या उत्पन्नाचे अंदाज बांधलेत, आणि दरडोई उत्पन्न चांगलंच घसरलं असं त्यांना दिसतं. मी खूश झाले. मग नीट बघितलं. त्यांचे दोन बिंदू आहेत १७७४ आणि १८००. दोन! मधे आठ वर्षांचं युद्ध, मग शांततेतली महासंघाची सहा वर्षं, मग अकरा वर्षं नवं सरकार. घसरण यातल्या कुणाच्या खात्यावर टाकायची? दोन बिंदूंमधून रेघ काढता येते, वळण कुठे आलं ते सांगता येत नाही. हे त्या दोघांचा दोष नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. दोष आपला, जर आपण तो आकडा उचलून आपल्या प्रस्तावनेत चिकटवला तर.

खरी गाठ मला सुटल्यासारखी वाटली ती रॉजर ब्राउन यांच्या 'रिडीमिंग द रिपब्लिक' (१९९३) मध्ये, आणि नंतर वूडी होल्टन यांच्या 'अनरूली अमेरिकन्स' (२००७) मध्ये. फिस्क गृहीत धरतो की राज्यं वर्गणी देत नव्हती कारण ती स्वार्थी होती. ब्राउन विचारतात: देण्याचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं? आणि याचं उत्तर मेसॅच्युसेट्स. या राज्याने कर्ज फेडायचं मनावर घेतलं, नाण्यांत भरायचे जबर कर बसवले. पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे नाणी नव्हतीच. जमिनी, गुरंढोरं जप्त व्हायला लागली. १७८६ च्या ऑगस्टपासून शेतकऱ्यांनी न्यायालयांचं कामकाज बंद पाडायला सुरुवात केली. त्यांच्यातले कितीतरी जण क्रांतियुद्धात लढलेले, डॅनिएल शेज हा स्वतः कॅप्टन होता. बंड मोडायला राज्याच्या तिजोरीत पैसे नव्हते, तेव्हा बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून फौज उभी केली (इथे बघा वर्गणी लगेच जमली). २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर तोफ डागली गेली, चार शेतकरी मेले. उलट ऱ्होड आयलंडने १७८६ मध्येच कागदी चलन छापून कर्जदारांना मोकळं केलं. तिथे असं बंड झालं नाही, पण फिस्क आणि त्याच्या परंपरेतले सगळे त्या राज्याची यथेच्छ टिंगल करतात.

आता यात 'दुबळं' कोण? ज्याने कर वसूल केला तो की ज्याने नाही? होल्टन म्हणतात की या कराचा मोठा वाटा कर्जरोखेधारकांच्या व्याजात जाणार होता, आणि त्यातले बरेच रोखे मूळ सैनिकांकडून सटोडियांनी कवडीमोलाने घेतलेले होते. म्हणजे थकलेला पगार म्हणून सैनिकाला रोखा मिळाला, पोटासाठी तो त्याने विकला, आणि आता त्याच रोख्याचं व्याज भरायला त्याच्यावरच कर. ही गोष्ट फिस्कच्या आलेखावर दिसतच नाही, कारण त्याचा अक्ष एकच आहे: केंद्र सरकार बळकट की कमकुवत.

मग महासंघ चालला असता का? इथे मी स्वतःच्या विरोधात थोडं बोलते. १७८१ मध्ये काँग्रेसने आयातीवर ५ टक्के जकात बसवण्याची दुरुस्ती सुचवली. एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला, आणि मग व्हर्जिनियानेही दिलेली संमती मागे घेतली. १७८३ मध्ये पुन्हा तसाच प्रस्ताव. या वेळी अडला न्यूयॉर्कशी. दोन्ही वेळा घोडं अडलं ते मुख्यतः एकेका राज्यापाशी. त्यामुळे मला सुरुवातीला वाटलं की अख्खी घटना फेकायची गरज नव्हती, एकमताची अट काढली असती तरी भागलं असतं. पण ती अट काढायलाच एकमत लागत होतं! फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ जणांनी काय केलं, तर नवी घटना नऊ राज्यांच्या संमतीने लागू होईल असं तिच्यातच लिहून ठेवलं, म्हणजे जुना नियम सरळ बाजूला सारला. ऱ्होड आयलंड तर परिषदेला आलंच नाही, आणि १७९० च्या मे महिन्यापर्यंत नव्या संघातही नव्हतं. नव्या सरकारने ४ जुलै १७८९ ला पहिला मोठा कायदा केला तो आयातीवरच्या जकातीचा. म्हणजे जुन्या काँग्रेसने दोनदा मागितलेली गोष्ट. फिस्क याला राष्ट्राचा पुनर्जन्म म्हणेल. मी याला एक चल बदलून केलेला प्रयोग म्हणायला तयार होते, पण तसंही म्हणता येत नाही. चल एकदम दहा बदलले, आणि प्रयोग एकदाच झाला.

शिवाय ही 'मरणपंथाला लागलेली' काँग्रेस काय करत होती तेही बघायला हवं. १७८५ चा जमीन कायदा तिचा: पश्चिमेकडची जमीन सहा मैल बाय सहा मैल अशा चौकोनांत मोजायची, प्रत्येकात ३६ भाग, त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. विमानातून आजही तिथले चौकोन दिसतात. १३ जुलै १७८७ चा नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सही तिचाच, तो संमत झाला तेव्हा सभागृहात आठच राज्यं हजर होती. नवा प्रदेश ६० हजार मुक्त रहिवासी झाल्यावर जुन्यांच्या बरोबरीचं राज्य होईल आणि तिथे गुलामगिरी नसेल, हे त्यात ठरलं. फिस्क याचं कौतुक करतो, पण त्यामुळे आपल्या निदानाला काही बाधा येते असं त्याला वाटत नाही. अर्थात या चौकोनांखालची जमीन शॉनी, मायामी, डेलावेअर लोकांची होती, आणि त्यांच्यातल्या काहींकडून दबावाने करार लिहून घेताना हे दुबळं सरकार पुरेसं सबळ होतं. हा अक्ष फिस्ककडे नाही, जेन्सनकडेही जेमतेम.

समीक्षण सादर केलं तेव्हा एका प्राध्यापकांनी विचारलं, 'मग फिस्क वाचू नये का?' मी म्हटलं, वाचावं सर, पण प्रस्तावना म्हणून नाही, नमुना म्हणून. त्याचं निदान अर्धं बरोबर आहे. तिजोरी रिकामी होती, किल्ले परक्यांकडे होते. पण ते त्याने रोग्याला न तपासता, दुसऱ्या डॉक्टरच्या जाहिरातीवरून केलं.

माझ्या दुसऱ्या पानाचं म्हणाल तर ते वाक्य अजून तिथेच आहे, फक्त आता कंसात आहे. कार्बनचा भाव दोन पुरवठादारांकडून मागवला, आणि पुन्हा वापरण्याचे पाच फेऱ्यांचे प्रयोग स्वतः करतेय. तीन झाल्यात. कार्बन अजून चांगलाच टिकून आहे, माझ्या पदार्थासाठी ही काही आनंदाची बातमी नाही. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

वाचता वाचता भेटलेला एक माणूस मात्र डोक्यातून जात नाही. चार्ल्स थॉमसन. १७७४ पासून १७८९ पर्यंत, पंधरा वर्षं, काँग्रेसचा सचिव. सदस्य आले गेले, शहरं बदलली, कधी कोरम झाला, कधी नाही, हा माणूस दप्तर घेऊन हजर. १७८८ च्या ऑक्टोबरनंतर कोरम झालाच नाही, तरी तो जागेवर होता. १७८९ च्या जुलैत राजीनामा दिला आणि कागदपत्रं सुपूर्द केली. त्याने या सगळ्या काळाचा हजारेक पानांचा इतिहास लिहिला होता, असं सांगतात. मग तो त्याने स्वतःच नष्ट केला, आणि उरलेलं आयुष्य ग्रीकमधून बायबलचं भाषांतर करण्यात घालवलं.